‘कनिष्ठ’ हा शब्द एकटा वाचू नये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात बाणेरला असलेल्या तुमच्या कंपनीनं नेमणूकपत्रं आणि पत्रकं मराठीत काढताना ‘ज्युनिअर’च्या जागी सरसकट ‘कनिष्ठ’ घातलं आणि काही जणांनी नाकं मुरडली. ‘कनिष्ठ म्हणजे हलक्या प्रतीचा’ असं त्यांचं म्हणणं. मग या शब्दाचा मूळ अर्थ वयानं लहान की दर्जानं खालचा? आणि ‘धाकटा’, ‘लहान’, ‘दुय्यम’ यांपैकी एखादा शब्द तिथे चालला असता का?

दोन्ही अर्थ मूळचेच आहेत. एक आधी आला आणि दुसरा नंतर कोणीतरी चिकटवला, असं इथे झालेलं नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत पाचव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात ६४ वं सूत्र आहे: ‘युवाल्पयोः कनन्यतरस्याम्’. ‘युवन्’ म्हणजे तरुण आणि ‘अल्प’ म्हणजे थोडा. या दोन्ही शब्दांना ‘ईयस्’ किंवा ‘इष्ठ’ हा प्रत्यय लागला, तर त्यांच्या जागी विकल्पानं ‘कन्’ येतो. म्हणून सगळ्यांत तरुण तोही ‘कनिष्ठ’ आणि सगळ्यांत थोडा किंवा लहान तोही ‘कनिष्ठ’. विकल्प असल्यानं ‘यविष्ठ’ आणि ‘अल्पिष्ठ’ ही रूपंही होतात. त्यातलं ‘यविष्ठ’ ऋग्वेदात अग्नीचं लाडकं विशेषण आहे, कारण तो रोज नव्यानं पेटतो. तुमच्या कंपनीत जो वाद झाला, त्याची दोन्ही टोकं एकाच सूत्रात बांधलेली आहेत.

भाषाशास्त्रज्ञ ‘कन्’कडे आदेश म्हणून, म्हणजे दुसऱ्या शब्दाच्या जागी आलेलं रूप म्हणून, पाहत नाहीत. ते त्याला स्वतंत्र जुना धातू मानतात, आणि त्याचं कुटुंब पाहिलं की ते पटतं. ‘कन्या’ त्यातलीच. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथातही, मुलीसाठी जवळजवळ हाच शब्द आहे. ग्रीकमध्ये ‘नवा’ या अर्थी ‘कैनोस’ आहे, तोही याच घरातला मानतात. संस्कृतात ‘कनीनिका’ म्हणजे डोळ्यातली बाहुली. समोरच्याच्या डोळ्यात आपलं इवलंसं प्रतिबिंब दिसतं, म्हणून ती ‘छोटी मुलगी’. मराठीनं संस्कृत शब्द न घेता कल्पना तेवढी घेतली आणि ‘बाहुली’ म्हटलं. या सगळ्या शब्दांत कोवळेपणा आहे, कमीपणा नाही.

सर्वांत जुना आणि सर्वांत चांगला दाखला ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलातल्या ३३ व्या सूक्तात आहे. ऋभू हे तिघे कारागीर भाऊ. देवांचा कारागीर त्वष्टा यानं घडवलेल्या एका पेल्याचे किती पेले करायचे यावर त्यांचं बोलणं चाललं आहे. ‘ज्येष्ठ आह चमसा द्वा करेति’, थोरला म्हणतो दोन करू. ‘कनीयान् त्रीन् कृणवामेत्याह’, त्याच्याहून लहान म्हणतो तीन. ‘कनिष्ठ आह चतुरस्करेति’, सगळ्यांत धाकटा म्हणतो चार. शेवटी पेले चारच झाले. म्हणजे शब्द पहिल्यांदा जिथे ठळकपणे भेटतो, तिथे कनिष्ठाचाच शब्द चालला आहे. नाक मुरडणाऱ्यांना ही ऋचा वाचून दाखवायला हरकत नाही.

या ऋचेत व्याकरणाचीही एक गोष्ट नीट दिसते. दोघांची तुलना असेल तर ‘ईयस्’ (कनीयान्), अनेकांतून एक निवडायचा तर ‘इष्ठ’ (कनिष्ठ). संस्कृताच्या काटेकोर हिशोबानं दोनच भाऊ असतील तर धाकटा ‘कनीयान्’ ठरतो, ‘कनिष्ठ’ नव्हे. मराठीनं हा भेद सोडून दिला. दोघांतला असो की दहांतला, आपल्याकडे तो ‘कनिष्ठ’च. त्यामुळे ‘सर्वांत कनिष्ठ’ असं लिहिलं तर ती द्विरुक्ती होते, ही शुद्धिवाद्यांची हरकत मराठीपुरती फोल आहे. मराठी कानाला ‘कनिष्ठ’मध्ये आता ‘सर्वांत’ ऐकू येत नाही. आणि दुहेरी रूपाचंच म्हणाल, तर यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेच्या अगदी पहिल्या मंत्रात ‘श्रेष्ठतमाय कर्मणे’ आहे. ‘श्रेष्ठ’ला ‘तम’ वेदांनी लावला. ‘कनिष्ठतम’ मात्र टाळावं असं माझं मत आहे. ते चूक नाही, पण तोंडात घोळत राहतं.

त्याच ऋग्वेदात पाचव्या मंडलात मरुतांना, म्हणजे वादळाच्या देवांना, ‘अज्येष्ठासो अकनिष्ठास एते’ म्हटलं आहे: यांच्यात कोणी थोरला नाही, कोणी धाकटा नाही, सगळे भाऊ बरोबरीनं वाढले. इथे अर्थ वयाकडून मानाकडे सरकताना दिसतो. भावांमध्ये जन्माचा क्रम असतोच, तो नाकारून चालत नाही. कवीला नाकारायचा आहे तो त्या क्रमामुळे येणारा मान-अपमान.

आता ‘ज्युनिअर’कडे. लॅटिनमध्ये ‘इउवेनिस’ म्हणजे तरुण, आणि त्याचं तुलनावाचक रूप म्हणजे ‘ज्युनिअर’चं मूळ. तो धातू आपल्या ‘युवन्’चाच भाऊ. म्हणजे ‘ज्युनिअर’ला संस्कृतात शब्दाला शब्द ‘यवीयान्’ होईल: दोघांतला अधिक तरुण. ‘सीनिअर’ लॅटिनमध्ये ‘म्हातारा’ या अर्थाच्या शब्दावरून आला आणि त्याचा संस्कृत भाऊबंद ‘सन’, म्हणजे जुना, ज्यावरून ‘सनातन’ झाला. इंग्रजीतही शब्द वयाचाच होता, पुढे पदाला लागला. तेव्हा ‘ज्युनिअरला चिकटलेला अर्थ वेगळा आणि कनिष्ठला चिकटलेला वेगळा’ हा युक्तिवाद व्युत्पत्तीवर टिकत नाही. टिकतो तो वापरावर, आणि तिथे मात्र त्यात तथ्य आहे.

वापरात बिघडलं कुठे? अमरकोशात धाकट्या भावाचे पर्याय आहेत: ‘जघन्यजे स्युः कनिष्ठयवीयोऽवरजानुजाः’. पहिलाच शब्द पाहा, जघन्यज. ‘जघन’ म्हणजे कटीचा मागचा भाग. त्यावरून ‘जघन्य’ म्हणजे मागचा, शेवटचा. ‘जघन्यज’ म्हणजे शेवटी जन्मलेला, बस इतकंच. पण शेवटचा तो खालचा, खालचा तो नीच, असं घसरत तो शब्द ‘जघन्य अपराधा’पर्यंत जाऊन पोचला. ‘कनिष्ठ’ तेवढा खाली गेला नाही, पण त्याच उतारावर दोन पायऱ्या उतरला. त्याला उतरवलं ते ‘उत्तम, मध्यम, कनिष्ठ’ या तिकडीनं. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण प्रत्येक मराठी माणसानं ऐकलेली असते (बहुधा नोकरी लागल्यावर). तिथे ‘कनिष्ठ’चा अर्थ वयाशी कुठूनही जुळत नाही, तो ‘हलक्या प्रतीचा’ असाच आहे. संस्कृतात या तिकडीत तिसरा बहुधा ‘अधम’ असतो. मराठीत ‘अधम’ शिवीसारखा वाजतो, म्हणून तिथे ‘कनिष्ठ’ येऊन बसला आणि अधमाचा डाग त्याच्या अंगाला लागला.

सगळीकडे असं झालं नाही. भास्कराचार्यांच्या बीजगणितात (इ. स. ११५० च्या सुमाराचं) वर्गप्रकृतीच्या समीकरणात दोन मुळं असतात: लहान ते कनिष्ठ, मोठं ते ज्येष्ठ. एका संख्येचा वर्ग ६१ पट करून त्यात १ मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्ग यावा, अशी संख्या काढा, हे त्यांचं प्रसिद्ध उदाहरण. चक्रवाळ पद्धतीनं येणारं कनिष्ठ मूळ आहे २२,६१,५३,९८०. ज्येष्ठ मूळ १,७६,६३,१९,०४९. बावीस कोटींची संख्या ‘कनिष्ठ’ आहे, कारण शेजारी पावणेदोनशे कोटींची बसली आहे. बाकी तिच्यात कमी काही नाही.

दुसरं उदाहरण हाताशी आहे, शब्दशः. करंगळीला संस्कृतात कनिष्ठिका म्हणतात. शाळेत ती वर केली की मास्तर काय समजायचे ते समजतात. पण आपल्याकडे बोटांवर मोजणी सुरू होते ती करंगळीपासून. म्हणून सुभाषितकार म्हणतो की पूर्वी कवींची गणना करताना कालिदास कनिष्ठिकेवर आला, आणि त्याच्या तोडीचा दुसरा कोणी न सापडल्यानं शेजारचं बोट बिननावाचं, ‘अनामिका’, राहिलं. कनिष्ठिकेवर बसणं हा इथे सर्वोच्च मान आहे.

यावरून एक कामाची गोष्ट हाती लागते: ‘कनिष्ठ’ एकटा वाचायचा नाही, त्याचा जोडीदार शोधायचा. मराठीत त्याला तीन जोडीदार आहेत. ‘ज्येष्ठ’ समोर असेल तर तो वय किंवा क्रम सांगतो. ‘वरिष्ठ’ समोर असेल तर पद किंवा पायरी सांगतो. ‘उत्तम’ समोर असेल तर प्रत सांगतो, आणि फक्त तिथेच तो झोंबतो. तुमच्या नेमणूकपत्रात जोडीदार लिहिलेलाच नव्हता. मग वाचणाऱ्यानं आपल्या मनातला जोडला, आणि मनात म्हण होती.

हे तिघे जोडीदारही नीट ओळखून ठेवावेत, कारण मराठी आणि हिंदी इथे वेगळ्या वाटेनं जातात आणि हिंदी जाहिराती मराठीत आणताना हमखास चूक होते. ‘ज्येष्ठ’ हे पाणिनीच्या मते ‘प्रशस्य’ किंवा ‘वृद्ध’ यांचं रूप, म्हणजे त्यात मान आणि वय दोन्ही पहिल्यापासून आहेत. ‘वरिष्ठ’ ‘उरु’ म्हणजे विस्तीर्ण या शब्दावरून येतो. मराठी माणसाला त्यात आपलं ‘वर’ ऐकू येतं, पण ते ‘वर’ आलंय ‘उपरि’वरून, त्याचा इथे संबंध नाही. तरी ऐकू येतं ते येतंच, आणि म्हणून मराठीत ‘वरिष्ठ’ म्हणजे डोक्यावर बसलेला साहेब. वय झालेल्या माणसाला मराठीत ‘ज्येष्ठ नागरिक’ म्हणतात. हिंदीत ‘वरिष्ठ नागरिक’. पीएमपीच्या बसमधल्या आसनावर ‘वरिष्ठ नागरिक’ लिहिलं तर मराठी वाचकाला ते नागरिकांवर अधिकार गाजवणाऱ्यासाठी राखलेलं वाटेल. नोकरीतला क्रमही मराठीत ‘सेवाज्येष्ठता’ असतो. राज्याच्या याविषयीच्या नियमावलीच्या नावातच ‘ज्येष्ठतेचे विनियमन’ असे शब्द आहेत. त्यामुळे ‘तो माझ्याहून वयानं ज्येष्ठ, पण सेवेनं कनिष्ठ’ हे वाक्य मराठीत बिनचूक आहे, आणि कार्यालयात ते लागतंही. मात्र ‘वयानं’ आणि ‘सेवेनं’ हे शब्द गाळू नयेत. पत्रात नुसतं ‘कनिष्ठ’ लिहिलं की भांडण ठरलेलं.

सरकारी मराठीत ‘कनिष्ठ’ सर्वत्र आहे आणि तिथे त्याचं कोणाला काही वाटत नाही. अकरावी-बारावीचं ते कनिष्ठ महाविद्यालय, पदवीचं ते वरिष्ठ. टिळक रस्त्यावरच्या स. प. महाविद्यालयाच्या एकाच आवारात दोन्ही चालतात आणि सतरा वर्षांचं कोणी पोर ‘आम्हाला कनिष्ठ का म्हणता’ म्हणून मोर्चा काढत नाही. लोकसभा कनिष्ठ सभागृह आणि राज्यसभा वरिष्ठ. प्रत्यक्षात धनविधेयक मांडलं जातं ते फक्त कनिष्ठ सभागृहात, आणि वरिष्ठ सभागृहाला ते १४ दिवसांत परत करावं लागतं. राज्यातही २८८ आमदारांची विधानसभा कनिष्ठ आणि ७८ आमदारांची विधान परिषद वरिष्ठ.

सगळ्यांत मजेदार पदनाम न्यायखात्यातलं: ‘दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) व न्यायदंडाधिकारी (प्रथम वर्ग)’. एकच माणूस, एकाच नेमणुकीत, दिवाणी बाजूला कनिष्ठ आणि फौजदारी बाजूला प्रथम. शब्द माणसाला लागत नाही, पायरीला लागतो, हे याहून स्वच्छ कुठे दिसायचं नाही. पण हाच शब्द न्यायालयाच्या इमारतीला लावला की अडचण होते. वर्तमानपत्रं ‘कनिष्ठ न्यायालयाचा निकाल रद्द’ असं सहज छापतात. संविधानात २३३ ते २३७ या अनुच्छेदांच्या प्रकरणाला मराठीत ‘दुय्यम न्यायालये’ म्हटलं आहे. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका खंडपीठानं आपल्याच निबंधक कार्यालयाला सांगितलं की खटला चालवणाऱ्या न्यायालयाला ‘लोअर कोर्ट’ म्हणू नका, ‘ट्रायल कोर्ट’ म्हणा. मराठीत त्यासाठी ‘सत्र न्यायालय’, ‘दिवाणी न्यायालय’ असं नेमकं नाव लिहावं. कुठलं न्यायालय ते कळतं आणि वादही मिटतो.

वकिलांचं आणखी निराळं. शिवाजीनगरच्या न्यायालयात ‘ज्युनिअर’ हा रोजचा शब्द आहे, पण १९६१ च्या अधिवक्ता कायद्याच्या १६ व्या कलमात वकिलांचे वर्ग दोनच: ज्येष्ठ अधिवक्ता आणि इतर. ‘कनिष्ठ अधिवक्ता’ असा वर्ग कायद्यात नाहीच. पत्रात ‘कनिष्ठ वकील’ लिहिलं तर ती कायदेशीर पायरी वाटते, जी अस्तित्वात नाही. ‘अमुक वकिलांचे सहकारी वकील’ हे बरोबर. उलट बाजूनं, ‘ज्येष्ठ अधिवक्ता’ हा दर्जा उच्च किंवा सर्वोच्च न्यायालय देतं. केस पिकले म्हणून तो मिळत नाही.

‘धाकटा’ कार्यालयात का चालत नाही? कारण तो घरचा शब्द आहे आणि त्याला समोर ‘थोरला’ लागतोच. एकट्या माणसाला धाकटा म्हणता येत नाही. पण ‘धाकटा’ म्हणजे निव्वळ वय, हाही गैरसमज आहे. धाकट्या दिराची बायको ती धाकटी जाऊ, मग तिचं वय थोरल्या जावेपेक्षा चार वर्षांनी जास्त का असेना. म्हणजे घरातही पायरी आहेच, फक्त तिला कोणी पायरी म्हणत नाही. पेशव्यांच्या नावांत हे फार छान दिसतं. थोरले माधवराव १७७२ साली थेऊरला वारले तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. तरी ते ‘थोरले’, कारण पुढे सवाई माधवराव झाले. थोरल्या बाजीरावांना आयुष्य लाभलं ३९ वर्षांचं. दुसरे बाजीराव १८५१ साली ब्रह्मावर्ताला वारले तेव्हा ७६ वर्षांचे होते. थोरल्याहून धाकटा जवळजवळ दुप्पट जगला, पण क्रम बदलत नाही. देवासच्या पवारांच्या दोन गाद्या ‘थोरली पाती’ आणि ‘धाकटी पाती’ म्हणूनच ओळखल्या जात.

‘थोर’ आणि ‘लहान’ यांची मुळं सांगायलाच हवीत. ‘थोर’ आला संस्कृत ‘स्थूल’वरून, प्राकृतात त्याचा ‘थोर’ झाला. आज ज्याला आपण थोर पुरुष म्हणतो, तो मुळात जाडजूड पुरुष. ‘लहान’ आला ‘श्लक्ष्ण’वरून, म्हणजे गुळगुळीत, नाजूक, बारीक. प्राकृतात त्याची दोन रूपं झाली, ‘लण्ह’ आणि ‘सण्ह’. पहिल्याचा ‘लहान’, दुसऱ्याचा ‘सान’. आपण ‘लहानसान’ म्हणतो तेव्हा एकच शब्द दोनदा म्हणत असतो. हीच वाट फारसीतून आलेल्या ‘बारीक’नं धरली: मावळात आणि घाटावर ‘बारका भाऊ’, ‘बारकी’ हे शब्द वयाचेच आहेत. बारीक, मग लहान, मग वयानं लहान. हॉटेलातल्या पोऱ्याला ‘ए बारक्या’ म्हटलं जातं, तेव्हा त्याच उताराची पुढची पायरी येते.

सणातही एक जोडी आहे आणि तिच्यात गंमत आहे. भाद्रपदात गौरी येतात: अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. ज्येष्ठा नक्षत्रावर पूजायची म्हणून ती ज्येष्ठा गौरी. पण मखरात दोन मुखवटे असतात. एक ज्येष्ठा म्हटल्यावर दुसरीला नाव हवं, आणि ते आपसूक ‘कनिष्ठा’ पडलं. नक्षत्राचं नाव बहिणीच्या क्रमाचं झालं. नैवेद्यात मात्र दोघींना सारख्याच पुरणपोळ्या.

लग्नपत्रिकेत ‘कनिष्ठ’ला धक्का लागत नाही, पण चुका भरपूर होतात. मोजणी मुलांची मुलांत आणि मुलींची मुलींत होते. ‘कनिष्ठ कन्या’ छापलं की आणखी एक तरी मुलगी आहे असा अर्थ होतो. एक मुलगा आणि एक मुलगी असेल तर नुसतं ‘कन्या’ किंवा ‘एकुलती एक कन्या’. तीन मुलगे असतील तर ज्येष्ठ, द्वितीय, कनिष्ठ. मधल्याला ‘मध्यम’ छापू नये, तिथे पुन्हा प्रतवारी डोकावते.

‘दुय्यम’चं उत्तर ‘नको’ असंच आहे. फारसीत तो नुसता क्रमांक, ‘दुसरा’. त्याचा जोडीदार अरबी ‘अव्वल’, पहिला. तहसील कचेरीत ‘अव्वल कारकून’ असायचा, नोंदणी खात्यात ‘दुय्यम निबंधक’ आहे, आणि पुण्यातला प्रत्येक फ्लॅट त्याच्यापुढे नोंदवावा लागतो. ‘नायब तहसीलदारा’तला नायबही अरबी, म्हणजे प्रतिनिधी. पण पदनामाच्या बाहेर ‘दुय्यम’चा अर्थ बिघडला आहे. ‘दुय्यम वागणूक’, ‘दुय्यम दर्जाचे नागरिक’ या प्रयोगांनी त्याला ‘कनिष्ठ’पेक्षाही खाली ढकललं. नव्या पदाला तो लावू नये.

फारसीचाच एक ‘कनिष्ठ’ पुणेकर रोज वाचतो. ‘खुर्द’ म्हणजे लहान, ‘बुद्रुक’ म्हणजे फारसी ‘बुजुर्ग’, मोठा किंवा वडीलधारा. कोंढवा बुद्रुक आणि कोंढवा खुर्द, आंबेगाव बुद्रुक आणि खुर्द, वडगाव बुद्रुक आणि खुर्द, हिंगणे बुद्रुक आणि खुर्द. ‘खुर्दा’ म्हणजे चिल्लर, तोच शब्द. आज कुठल्या गावात किती सोसायट्या आहेत याचा या नावांशी काही संबंध नाही. सातबाऱ्यावर मात्र तो लागतो: ‘खु॥’ आणि ‘बु॥’ यांत गल्लत झाली की सर्व्हे नंबर तोच राहूनही जमीन दुसऱ्याच गावात जाते. खरेदीखत वाचताना हे एक अक्षर दोनदा पाहावं.

‘उप’ आणि ‘सहायक’ यांचं आकर्षण तुमच्याकडेही असेल, कारण ते ‘कनिष्ठ’सारखे झोंबत नाहीत. पण त्यांचा आपसांतला क्रम पक्का नाही. पोलीस ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक हा पोलीस उपनिरीक्षकाच्या वर असतो. आयुक्तालयात उलट: उपायुक्त वर, सहायक आयुक्त खाली. तुमच्या कंपनीत ‘सहायक व्यवस्थापक’ आणि ‘उपव्यवस्थापक’ दोन्ही असतील तर कोण कोणाच्या वर ते पत्रकात एकदा लिहून टाकावं, शब्दावर सोडू नये. लिहिताना ‘सहायक’ किंवा ‘साहाय्यक’. सगळीकडे दिसणारं ‘सहाय्यक’ हे दोघांची खिचडी आहे.

आता तुमचं पत्रक. पदनामात ‘कनिष्ठ अभियंता’, ‘कनिष्ठ लिपिक’ खुशाल ठेवा. ते रुळलेले आहेत आणि वाचणाऱ्याला पायरी दिसते. काढायचा तो वाक्यांतला ‘कनिष्ठ’. ‘कनिष्ठ कर्मचाऱ्यांनी वरिष्ठांची परवानगी घ्यावी’ याऐवजी ‘रजेसाठी आपल्या विभागप्रमुखांची परवानगी घ्यावी’. ‘कनिष्ठांसाठी प्रशिक्षण’ याऐवजी ‘पहिल्या दोन वर्षांतल्या सहकाऱ्यांसाठी’ किंवा जी काय खरी अट असेल ती. बहुतेक वेळा ‘कनिष्ठ’ लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं ‘नवा’, ‘कमी अनुभवाचा’, ‘खालच्या वेतनश्रेणीतला’ किंवा ‘वयानं लहान’, आणि यातलं नेमकं कोणतं हे त्यानं ठरवलेलं नसतं. कंपनीच्या क्रीडास्पर्धा असतील तर तिथे ‘कनिष्ठ गट’ नको. कबड्डी-खोखोत ‘ज्युनिअर’साठी ‘कुमार’ आणि त्याखाली ‘किशोर’ हे शब्द मैदानावर रुळलेले आहेत. आणि ‘ज्युनिअर’ असं देवनागरीत लिहिलं तरी मराठी बाटत नाही. फक्त एका पत्रकात ‘ज्युनिअर’, दुसऱ्यात ‘ज्युनियर’ असं करू नका.

छापण्याआधी ‘ष्ठ’ तपासा. ‘कनिष्ट’, ‘वरिष्ट’ चूक. प्रत्यय ‘इष्ठ’ असेल तिथे ‘ठ’: कनिष्ठ, वरिष्ठ, ज्येष्ठ, श्रेष्ठ, बलिष्ठ, पापिष्ठ. ‘त’ प्रत्ययाचा ‘ट’ झाला असेल तिथे ‘ट’: इष्ट, शिष्ट, दुष्ट, नष्ट. ‘स्वादिष्ट’ मुळात ‘स्वादिष्ठ’, पण मराठीनं ‘ट’ स्वीकारला आहे, तिथे भांडू नये. ‘ज्येष्ठ’मधला ‘य’ मात्र गाळू नका. ‘जेष्ठ नागरिक संघ’ अशा पाट्या शहरात इतक्या आहेत की तेच बरोबर वाटायला लागतं, आणि अशा पाटीखाली बाकावर बसलेल्या मंडळींपैकी कोणीतरी तुमचं पत्रक हातात लाल पेन घेऊनच वाचणार आहे.